सोलापूरच्या उन्हात क्रीडाविज्ञान : वही, घड्याळ आणि वजनकाट्याच्या जोरावर

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाला मी चार महिने रोज पहाटे सोळाशे मीटर जीव तोडून पळवलं. पहिल्या आठवड्यात त्याची वेळ होती ५ मिनिटं ५२ सेकंद. चार महिन्यांनी ५ मिनिटं ४९. मी तर वेळ लिहूनही ठेवत नव्हतो. त्याच्या मोबाइलमध्ये होती म्हणून कळलं. तोपर्यंत ‘बरं चाललंय, अजून जोर लाव’ एवढंच माझं मार्गदर्शन. तीन सेकंदांसाठी त्या पोराने चार महिने झोप मोडली आणि नडगीचं दुखणं अंगावर काढलं. चूक त्याची नव्हती, माझी होती.

पुढची काही वर्षं मी वाचत, विचारत आणि मैदानावर करून बघत गेलो. त्यातलं जे आपल्याकडच्या शाळा-मंडळाच्या मैदानावर खरोखर करता येतं, तेवढंच इथे सांगतो. सामान असं : शंभर पानी वही, दोन स्टॉपवॉच, तीस मीटरची टेप, डिजिटल वजनकाटा आणि स्लो मोशन असलेला एखादा मोबाइल. रीतही सोपी आहे. मोजायचं, एकच गोष्ट बदलायची, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. अवघड आहे ते ‘एकच’ या शब्दाला चिकटून राहणं. आपल्याला बूट, खुराक, व्यायाम आणि गुरू सगळं एकाच सोमवारी बदलायचं असतं. मग फरक पडला तरी कशाने पडला ते कळत नाही.

आधी खेळाची चिरफाड करा

वहीच्या पहिल्या पानावर आपल्या खेळात शरीराला नेमकं काय करावं लागतं ते लिहा. भरतीतला मुलगा म्हणतो, ‘सर, स्पीड वाढवायचाय.’ पण सोळाशे मीटरचा स्पीड आणि शंभर मीटरचा स्पीड ही दोन वेगळी जनावरं आहेत. १५०० मीटरच्या आसपासच्या शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण चार पंचमांश वाटा ऑक्सिजन वापरून तयार होतो. शंभर मीटरमध्ये हे गणित जवळजवळ उलटं होतं. म्हणजे सोळाशेसाठी हृदय-फुप्फुसांचा पाया हवा आणि तो सावकाश पळून बांधला जातो. शंभरसाठी आणि गोळाफेकीसाठी ताकद आणि झटका हवा. तो दमलेल्या पायांनी कधीच येत नाही.

खो-खोचं आणखी निराळं. धावणारा काही सेकंद पूर्ण वेगाने पळतो, थांबतो, हुलकावणी देतो, पुन्हा सुटतो. पाठलाग करणारा बसलेल्या अवस्थेतून उठतो, वळतो, सूर मारतो. त्याला रोज पाच किलोमीटर सावकाश पळवणं म्हणजे गवंड्याला सुतारकाम शिकवणं. पाया म्हणून थोडं चालेल, पण मुख्य काम छोट्या धावा, कमी विश्रांती आणि दिशा बदलणं.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे डोळ्यांसमोर ठेवा. २०१८ मध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचा (अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचा) राष्ट्रीय विक्रम ८ मिनिटं २९.८० सेकंदांवर आणला. २०२४ मध्ये पॅरिसला तो ८ मिनिटं ०९.९१ पळाला. सहा वर्षांत वीस सेकंदही नाहीत, आणि ते जगातल्या सगळ्यात कष्टाळू पायांचे. अर्थात नवख्याची सुधारणा याहून बरीच वेगाने होते. तरीही महिन्यात चाळीस सेकंद कमी करून देतो म्हणणाऱ्याला फी देण्याआधी हा हिशेब आठवा.

मोजणी : आठवडाभर फक्त एवढंच

प्रत्येक खेळासाठी तीन चाचण्या पुरतात. दहा चाचण्या घेणारे प्रशिक्षक मी पाहिलेत. त्यांच्या वह्या दुसऱ्या महिन्यानंतर कोऱ्या असतात. आम्ही सगळ्यांची ३० मीटर धाव आणि उभ्याने लांब उडी घेतो. तिसरी चाचणी खेळाप्रमाणे बदलते. पळणाऱ्यांसाठी १२ मिनिटांत किती मीटर अंतर कापलं ते. अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली ही चाचणी मांडली आणि तिला आजही घड्याळाशिवाय काही लागत नाही. त्यावरून ऑक्सिजनक्षमतेचा आकडा काढायचं सूत्र आहे, पण मी ते वापरत नाही. मीटर वाढले की क्षमता वाढली. खो-खोवाल्यांसाठी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत एकेरी साखळी (बसलेल्या गड्यांमधून नागमोडी) पळून परत, अशा सहा फेऱ्या, मध्ये वीस सेकंद विश्रांती. पहिली फेरी आणि सहावी फेरी यांतला फरक हाच खरा आकडा. पहिली फेरी सगळेच जोरात मारतात.

मोजण्यातल्या खोटेपणाकडे लक्ष द्या. हाताने दाबलेलं घड्याळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा साधारण पाव सेकंद कमी दाखवतं, कारण सुरुवातीला बोट उशिरा दाबलं जातं आणि शेवटी आपण अंदाजाने आधीच दाबतो. त्यामुळे एकाच माणसाने, एकाच जागेवरून, एकाच घड्याळाने वेळ घ्यावी. मोबाइल २४० फ्रेमवर लावून रेषेसमोर तिवईवर ठेवला तर आणखी उत्तम; एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा सुमारे चार सहस्रांश भाग. फ्रेम मोजत बसायला नववीतली पोरं आनंदाने तयार होतात.

आणि पहिली चाचणी दोनदा घ्या, मध्ये दोन-तीन दिवस ठेवून. एका मुलीची ३० मीटरची वेळ सोमवारी ४.७२ आणि गुरुवारी ४.८१ आली, तर काहीही न बदलता तिच्या वेळेत नऊ शतांश सेकंदांची ये-जा आहे. पुढे दोन महिन्यांनी ती ४.६८ पळाली तर पेढे वाटू नका. ४.५५ पळाली तर वाटा. माझ्या मते ही एवढी एक गोष्ट कळली तरी निम्मं क्रीडाविज्ञान कळलं. सगळ्या जादूच्या पावडरी आणि चमत्कारी व्यायाम याच नऊ शतांशांच्या आडोशाला राहतात.

भार लिहून ठेवा

मुलं किती थकली हे डोळ्यांनी कळतं, असा माझा समज होता. कळत नाही. सराव संपल्यावर वीस-तीस मिनिटांनी प्रत्येकाला विचारा : आजचा सराव ० ते १० मध्ये किती जड गेला? तो आकडा गुणिले मिनिटं म्हणजे त्या दिवसाचा भार. ही पद्धत कार्ल फॉस्टर नावाच्या अमेरिकन संशोधकाने रूढ केली आणि मोठमोठे व्यावसायिक संघही ती वापरतात.

एका आठवड्याचं उदाहरण घेऊ. सोमवारी ६० मिनिटं, जडपणा ७, भार ४२०. मंगळवारी ४५ गुणिले ३, १३५. बुधवारी ७० गुणिले ६, ४२०. गुरुवारी पुन्हा १३५. शुक्रवारी ६० गुणिले ८, ४८०. शनिवारी ९० गुणिले ४, ३६०. रविवारी सुट्टी. बेरीज १९५०. पुढच्या आठवड्यात ही बेरीज दहाएक टक्क्यांनी वाढली, म्हणजे २१५०च्या आसपास गेली, तर चालेल. एकदम २८०० झाली तर पंधरा दिवसांत कुणाची तरी नडगी किंवा मांडी बोलू लागते. दहा टक्के हा काही शिलालेख नाही, पण उडी मारू नका. दर चौथ्या आठवड्याला भार तिसऱ्या हिश्शाने कमी करा. शरीर सरावात मोडतं आणि विश्रांतीत बांधलं जातं.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. चांगल्या मुलीला सकाळी शाळेचे सर पळवतात, संध्याकाळी मंडळाचे दादा पळवतात आणि रविवारी गल्लीतल्या टेनिस बॉलच्या सामन्यात भाऊ क्षेत्ररक्षणाला उभा करतो. तिघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. वही मुलीच्या स्वतःकडे असू द्या आणि तिन्ही ठिकाणचा भार एकाच पानावर येऊ द्या. ते पान एकदा शाळेच्या सरांपुढे ठेवलं की बोलणं सोपं होतं. ‘पोरीला जास्त होतंय’ म्हटल्यावर वाद होतो, ‘तीन हजार दोनशे’ म्हटल्यावर होत नाही.

सोळाशेवाल्यांसाठी आता नेमकं. आठवड्यातल्या पाच धावांपैकी तीन अशा संथ, की पळताना पूर्ण वाक्य बोलता यावं. पोरांना हे पटत नाही. ‘सर, ह्याला काय पळणं म्हणतेत का?’ म्हणतेत. उरलेल्या दोन दिवशी जोर. ५:५० पळणाऱ्याची ४०० मीटरची सरासरी ८७ सेकंदांच्या वर येते. त्याने ४०० मीटरच्या सहा धावा ८५ सेकंदांत माराव्यात, मध्ये दोन मिनिटं चालावं. शेवटची धावही ८५ मध्ये आली पाहिजे. ती ९२ झाली तर सुरुवात खोटी होती. दुसऱ्या दिवशी २०० मीटरच्या आठ धावा, ३९-४० सेकंदांत. पूर्ण गुणांसाठी मुलांना ५ मिनिटं १० सेकंद लागतात, म्हणजे दर ४०० मीटरला साडेसत्त्याहत्तर सेकंद. पण सराव आजच्या वेळेवरून आखायचा, स्वप्नातल्या वेळेवरून नाही. (जाहिरात मात्र प्रत्येक भरतीला नव्याने वाचा, निकष बदलत आलेले आहेत.)

ऊन : सोलापूरचा खरा प्रतिस्पर्धी

पुण्या-नाशिकच्या प्रशिक्षकांचे तक्ते आपल्याकडे एप्रिलमध्ये फसतात, कारण त्यांत ऊन धरलेलं नसतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला सहज टेकतो. त्यात हवा कोरडी. घाम येतो आणि अंगावर दिसायच्या आत उडून जातो. म्हणून पोरं सांगतात, ‘सर, घामच नाही आला.’ बनियनवर मिठाच्या पांढऱ्या रेघा मात्र असतात.

पहिलं काम म्हणजे वेळ बदलणं. मेमध्ये दिवसातली सगळ्यात थंड वेळ सूर्योदयाच्या जरा आधीची, पारा पंचवीस-सव्वीसच्या आसपास. जड सराव सहाच्या आत सुरू करा आणि साडेसातला मैदान सोडा. संध्याकाळी पाचला ऊन कललेलं दिसतं, पण जमीन दिवसभर तापलेली असते आणि ती पोटरीपासून वर भाजत राहते. संध्याकाळीच जमत असेल तर साडेसहानंतर.

दुसरं काम, उन्हाची सवय लावणं. शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे त्याच वेगाला नाडी कमी धावते. मग घाम लवकर सुटायला लागतो आणि जास्त येतो, शिवाय त्यातलं मीठ कमी होतं. पहिले चार दिवस नेहमीच्या निम्मा वेळ, तोही संथ. पाचव्या दिवसापासून रोज थोडं वाढवत दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण सराव. दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी महिनाभर घरात बसलेलं पोर या यादीत पुन्हा पहिल्या दिवसापासून धरायचं, कारण ही सवय दोन-चार आठवड्यांत उतरते. तेच पोर पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात उत्साहात असतं. उन्हाने पडतंही तेच.

माझ्यासमोर पडलं आहे. सकाळी साडेआठ, शेवटची धाव बाकी होती आणि मीच ‘एकच राहिली’ म्हणालो होतो. मुलगा आधी चिडचिड करायला लागला, मग वाकडातिकडा पळायला लागला, मग असंबद्ध बोलायला लागला. मला वाटलं नाटक करतोय. अंग घामाने ओलं होतं, म्हणून उष्माघात नसणार असंही मला वाटलं. हा गैरसमज जीवघेणा आहे : खेळताना होणाऱ्या उष्माघातात घाम सुरूच असू शकतो. ओळखायची खूण म्हणजे डोकं ठिकाणावर नसणं.

अशा वेळी आधी थंड करायचं, मग हलवायचं. १०८ ला एकाने फोन करायचा, पण गाडीची वाट बघत बसायचं नाही. कपडे सैल करून सावलीत घ्या. जवळ हौद किंवा मोठं पिंप असेल तर गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवा, डोकं धरून ठेवा. आपल्याकडे काही दिवसांआड येणारं पाणी आणि म्हणून पिंपभर पाणी मैदानावर मिळत नाही, हे मला माहीत आहे. त्यावर उपाय आपल्याच गावात विणला जातो. सहा-आठ जाड टर्किश टॉवेल, बर्फाच्या पाण्याची एक बादली. टॉवेल भिजवून डोक्यावर, मानेवर, काखेत, जांघेत, पोटावर, पायांवर टाका. दोन-तीन मिनिटांत ते गरम होतात, लगेच बदला. सोबत वारा घाला. पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा असतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका आणि तापाची गोळी देऊ नका, या तापावर तिचा उपयोग नाही. तो मुलगा वाचला, कारण शेजारच्या रसवंतीवाल्याकडे बर्फ होता. तेव्हापासून मार्च ते जून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ असल्याशिवाय आमचा सराव सुरू होत नाही. लादीचा बर्फ अंगाला लावायला, पोटात घालायला नाही. पिण्यासाठी घरच्या फ्रीजमधला आणा.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आपण निर्धास्त होतो. पारा उतरतो खरा, पण हवा दमट होते, घाम उडत नाही आणि नुसता गळतो. तेव्हाही पहिला आठवडा जपून.

पाणी मोजून प्या

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला निरुपयोगी आहे. कुणाचा घाम तासाला अर्धा लिटर, कुणाचा दीड. आपला किती, ते एकदा काढा. सरावाआधी लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यांत वजन घ्या. सरावात किती प्यायलं ते बाटलीवर खूण करून मोजा. सरावानंतर अंग कोरडं पुसून त्याच कपड्यांत पुन्हा वजन.

समजा आधी ५२.४ किलो, नंतर ५१.२, मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलं, सराव ७५ मिनिटांचा. घटलेलं वजन १.२ किलो अधिक प्यायलेलं ०.५ म्हणजे १.७ लिटर घाम, तासाला सुमारे १.४ लिटर. वजनाच्या सव्वादोन टक्के घट झाली. दोन टक्क्यांच्या पुढे गेलं की दमसास आणि लक्ष दोन्ही घसरायला लागतात, तेव्हा या खेळाडूने सरावात आणखी तीन-चारशे मिली प्यायला हवं. सरावानंतर घटलेल्या वजनाच्या दीडपट, इथे १.८ लिटर, पण तीन-चार तासांत विभागून आणि जेवणाबरोबर. वजन सरावानंतर वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात. नुसतं पाणी ढोसून रक्तातलं मीठ पातळ होणंही धोक्याचं असतं.

मुलींचं वजन वेगळ्या खोलीत, बाई प्रशिक्षकांनी घ्यावं आणि आकडा मोठ्याने वाचू नये. ही साधी गोष्ट न पाळल्यामुळे मैदान सोडलेल्या मुली मला माहीत आहेत.

तासाच्या आतल्या सरावाला साधं पाणी पुरतं. त्यापुढे मीठ-साखर लागते : एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचा चहाचा. सरावानंतर मीठ घातलेलं ताक कुठल्याही रंगीत बाटलीपेक्षा सरस आहे.

ताटात काय आहे ते आधी बघा

पालक विचारतात, ‘प्रोटीन पावडर कुठली देऊ?’ मी विचारतो, ‘पोरगं सकाळी काय खाऊन येतं?’ उत्तर बहुतेक वेळा चहा आणि पाव, किंवा फक्त चहा. रिकाम्या पोटी जड सराव करणारं शरीर जोर कुठून आणणार? मैदानावर येण्याआधी अर्धा-पाऊण तास एक-दोन केळी किंवा चार खजूर. एवढ्याने शेवटच्या दोन धावांत फरक दिसतो.

प्रथिनं वाढीच्या आणि सरावाच्या वयात दर किलो वजनाला साधारण १.४ ते १.८ ग्रॅम पुरतात. ५५ किलोच्या खेळाडूला १.६ ने ८८ ग्रॅम. आता आपलं नेहमीचं ताट मोजू. तीन अंडी १८, अर्धा लिटर दूध १६, मूठ-दीड मूठ म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे १२, मटकीची वा हुलग्याची वाटीभर उसळ ११ आणि दिवसभरातल्या भाकरींचं तीनशे ग्रॅम ज्वारीचं पीठ ३०. बेरीज ८७. पावडरीचा डबा न उघडता जमलं. शेंगाचटणी हा आपल्याकडचा चवीचा पदार्थ, पण ती चमचाभर तोंडी लावली तर चव, दोन मोठे चमचे दह्यात कालवून खाल्ली तर खुराक. अंडी न खाणाऱ्यांनी दूध-दही आणि डाळ दीडपट करावी.

मंगळवेढ्याच्या ज्वारीबद्दल अभिमान बाळगा, फक्त शर्यतीच्या सकाळी कडक भाकरी खाऊ नका. तिच्यातला चोथा एरवी हितकर असतो, त्या दिवशी पोटात जड होतो. शर्यतीआधी तीन तास मऊ भात-वरण, पोहे किंवा उपमा, ओळखीचंच. नवीन पदार्थ स्पर्धेच्या दिवशी कधीच नाही.

मुलींच्या बाबतीत, सराव नीट, झोप नीट, तरी दम लागतोय असं झालं की मी आधी हिमोग्लोबिन तपासायला पाठवतो. १२ च्या खाली आलं तर रक्तक्षय (ॲनिमिया). असा एक रिपोर्ट साडेआठ आला होता आणि त्या मुलीला आम्ही दोन महिने ‘मन लावून पळत नाहीस’ म्हणत होतो. गोळी डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यावी. घरात मात्र आजपासून करता येईल ते हे : जेवणाबरोबर आणि नंतर तासभर चहा बंद, उसळीवर लिंबू. चहा लोह शोषू देत नाही, लिंबू मदत करतं. तीन महिने पाळी आली नाही तर ती ‘खेळामुळे असतं’ म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकदा खाणं सरावाला पुरत नसतं आणि त्याचा फटका हाडांना बसतो. डॉक्टरांकडे न्या.

ताकद आणि गुडघे

वजन उचललं की उंची खुंटते, हे आजही आजोबांपासून क्रीडाशिक्षकांपर्यंत सगळे सांगतात. नीट देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ खुंटत नाही. अकलूज-पंढरपूरकडच्या तालमींत पोरं पिढ्यान् पिढ्या जोर-बैठका मारत आलीत, तोही ताकदीचाच व्यायाम. त्याची मर्यादा इतकीच की पाचशे बैठका मारणाऱ्याचा दमसास वाढतो, झटका वाढायला मात्र कमी वेळा आणि जास्त भार लागतो. आठवड्यातून दोनदा, पाठीवर वाळूची पिशवी घेऊन एका पायावरच्या बैठका, आठ-आठच्या तीन फेऱ्या, एवढ्याने सुरुवात करा.

मांडीच्या मागचा स्नायू धावणाऱ्यांचा हमखास फाटतो. त्यावर नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे : गुडघ्यांवर उभं राहायचं, साथीदाराने घोटे दाबून धरायचे, कंबर सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढे झुकायचं आणि हातांवर उतरायचं. पहिल्या आठवड्यात पाच-पाचच्या दोन फेऱ्या, हळूहळू आठच्या तीन. नियमित करणाऱ्या संघांत या स्नायूच्या दुखापती निम्म्यावर आल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. सुरुवातीचे चार दिवस बसता-उठता येत नाही, हे पोरांना आधी सांगा, नाहीतर घरून फोन येतात.

खो-खोत खांबावर वळताना आणि सूर मारून उठताना गुडघा आत झुकतो, आणि लिगामेंट तिथेच तुटते. मुलींमध्ये हा धोका जास्त. पायरीवरून, फूटभर उंचीवरून, खाली उडी मारायला लावा आणि समोरून व्हिडिओ घ्या. उतरताना गुडघे एकमेकांकडे गेले तर वेग वाढवण्याआधी उतरणं शिकवा. त्या मुलीला तिचाच व्हिडिओ दाखवणं माझ्या दहा सूचनांपेक्षा जास्त काम करतं.

सरावाआधी पाय धरून दोन-दोन मिनिटं ताणत बसण्याची जुनी पद्धत सोडा. दीर्घ ताणाने झटका तात्पुरता कमी होतो. दहा मिनिटं हलकं पळणं, गुडघे उचलणं, लंज (एक पाय पुढे टाकून खाली बसणं), दोन-तीन वाढत्या वेगाच्या धावा. ताण सरावानंतर. आणि बारा-चौदा वर्षांचं, झपाट्याने उंची वाढणारं पोर गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखतंय म्हणालं तर ते कामचुकारपणा करत नाही. उड्या कमी करा, काही आठवडे पोहायला किंवा सायकलवर पाठवा.

झोप, वजन आणि डबे

वाढीच्या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे पाचला उठायचं तर रात्री नऊला मोबाइल घरच्यांकडे. यावर जास्त लिहायची गरज नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी करत नाही.

कुस्तीगिरांनी शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडून, प्लास्टिक गुंडाळून उन्हात पळून वजन उतरवणं मात्र गंभीर आहे. १९९७ साली अमेरिकेत असं वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले, तेही थंडीच्या दिवसांत. आपल्याकडे तर मे महिना. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट रात्रभर झटूनही शंभर ग्रॅमने अपात्र ठरली, तेव्हा जगातली उत्तम यंत्रणाही शेवटच्या रात्री हात टेकते हे सगळ्यांनी पाहिलं. वजनगट सहा आठवडे आधी ठरवा, आठवड्याला अर्धा किलोच्या वर उतरवू नका, आणि वाढत्या वयाच्या मुलाला वरच्या गटात जाऊ द्या.

जिममध्ये हातोहात विकले जाणारे बिनलेबलचे डबे आणि भरतीआधी दिलं जाणारं ‘ताकदीचं इंजेक्शन’ यांच्याबद्दल एकच : उत्तेजक चाचणीत जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, ‘मला माहीत नव्हतं’ चालत नाही.

स्पर्धेआधीचे पंधरा दिवस आणि नंतरची वही

शेवटच्या दोन आठवड्यांत धावांची संख्या निम्म्यावर आणा, वेग तसाच ठेवा. सहा चारशेंच्या जागी तीन, पण त्याच ८५ सेकंदांत किंवा जरा पुढे. मैदानावर यायचे दिवस कमी करू नका. पोरांना या काळात अस्वस्थ वाटतं, पाय शिवशिवतात, घरचे म्हणतात ‘आता कुठे ऐन वेळी बसला!’ त्या अस्वस्थतेला घाबरून जास्तीचा सराव करणारा प्रशिक्षक दोन महिन्यांची कमाई दोन दिवसांत उधळतो. मी उधळली आहे.

आमचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं, पहिली चाचणी तेव्हा. दुसरी जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेच्या आसपास, थंडीत. तिसरी मार्चच्या सुरुवातीला, ऊन चढायच्या आत. मेमधली वेळ जानेवारीतल्या वेळेशी ताडून बघू नका, मेची मेशीच.

दुसऱ्या चाचणीत फरक दिसला नाही तर लगेच सराव वाढवू नका. वही मागे चाळा आणि याच क्रमाने बघा. आधी झोप. मग सकाळचं खाणं. मुलगी असेल तर हिमोग्लोबिन. त्यानंतर भाराची बेरीज : ती आठवड्यागणिक उड्या मारतेय का, की सगळे दिवस सारखेच मधल्या जडपणाचे झालेत, ना संथ ना जोराचे? माझ्या त्या सोळाशेवाल्या मुलाचं नेमकं हेच होतं, रोजचा आकडा सात. पुढच्या भरतीआधी आम्ही त्याचे तीन दिवस संथ केले आणि बाकी काहीही बदललं नाही. दहा आठवड्यांनी तो ५:२८ पळाला. पूर्ण गुणांना अठरा सेकंद कमी पडत होते. वहीत त्याच्या झोपेच्या रकान्यात साडेपाच, सहा, साडेपाच लिहिलेलं होतं. वडिलांच्या यंत्रमागावर तो रात्री बसायचा. पुढचे आठ आठवडे बदलायची गोष्ट ती ठरली, आणि त्यासाठी मला शहराच्या पूर्व भागात त्यांच्या घरी जाऊन वडिलांशी बोलावं लागलं.